एक फावडं पलीकडे

किनुएबाईंच्या गल्लीत बर्फ काढायचा एक नियम होता आणि तो कुठंही लिहिलेला नव्हता. आपल्या दारापुढचा बर्फ आपण काढायचा, शेजाऱ्याची हद्द लागली की आणखी एक फावडं पलीकडे जायचं, आणि थांबायचं. हद्दीवरच थांबलात तर तुम्ही कंजूष. दोन फावडी गेलात तर आगाऊ. आणि शेजाऱ्याचं सगळंच्या सगळं दार मोकळं करून टाकलंत तर त्याचा अर्थ एकच निघायचा: शेजारी अंथरुणाला खिळलाय.

नीइगाताच्या डोंगराकडच्या त्या गावात हिवाळ्यात दोन पुरुष बर्फ पडतो. त्यामुळे सकाळी सात वाजता गल्लीवरून एक नजर फिरवली की वर्तमानपत्र वाचायची गरज उरत नसे. मारुयामांच्या दारातल्या कापलेल्या बर्फाच्या कडा वाकड्या, म्हणजे नवरा-बायकोचं बिनसलंय आणि आज फावडं नवऱ्याच्या हातात आहे. होशिनांचं दार पहाटेच लख्ख, म्हणजे होशिनांना आज झोप लागली नाही. किनुएबाईंच्या दारातल्या कडा तोफूची वडी कापल्यासारख्या सरळ असायच्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही. मग त्या सकाळी गल्ली किनुएबाईंची काळजी करायची नाही आणि आपापल्या चहाला लागायची.

गेल्या नोव्हेंबरात मात्र किनुएबाई स्वयंपाकघराच्या पायरीवरून घसरल्या आणि डावं मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये गेलं. मुलगा शुइची साइतामाहून धावत आला. तो तिथं लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता आणि कुठलीही वस्तू अडायच्या आधीच बदलावी अशा मताचा होता.

"आई, आता पुरे झालं. तू आमच्याकडे ये."

"मला काय झालंय?"

"मनगट मोडलंय."

"डावं मोडलंय. डाव्यानं मी करते तरी काय?"

साइतामाचं घर आठव्या मजल्यावर होतं. तिथं गच्चीत लोणच्याचं पिंप ठेवायला परवानगी नव्हती. तसा इमारतीचा चौदावा नियमच होता. शिवाय तिथलं न्हाणीघर बोलायचं. पाणी तापलं की बाईच्या आवाजात, 'स्नानाचं पाणी तयार आहे' म्हणून सांगायचं. कुणी इतक्या अदबीनं काही सांगितलं की किनुएबाईंना 'हो, आलेच हं' म्हटल्याशिवाय राहवत नसे, आणि सून मिहोसमोर न्हाणीघराशी बोलणं बरं दिसत नाही.

शेवटी शुइचीच्या वडिलांच्या फोटोसमोर बसून मायलेकांचं ठरलं. "दारातला बर्फ तुझा तू काढतेस तोवर मी एक अक्षर बोलणार नाही," शुइची म्हणाला. "ज्या दिवशी तो दुसऱ्या कुणाला काढावा लागेल, त्या दिवशी सामान बांधायचं." किनुएबाईंनी फोटोला वाकून नमस्कार केला. फोटो काही बोलला नाही. हयातीतही तो फारसा बोलत नसे.

डिसेंबरात प्लास्टर निघालं. बर्फ पडू लागला आणि कडा पुन्हा तोफूसारख्या सरळ येऊ लागल्या. सगळं सुरळीत चाललं होतं. बिघडलं ते शेजारच्या मास्तरमुळे, आणि त्यात दुर्दैव असं की मास्तर स्वभावानं फार चांगला होता.

त्याचं नाव कॅलम. वय सव्वीस, उंची दरवाजाच्या चौकटीपेक्षा चार बोटं जास्त, आणि कपाळाला त्या चार बोटांची कायमची खूण. गावच्या शाळेत तो इंग्रजी शिकवायचा. उत्तर ऑस्ट्रेलियात जिथला तो होता, तिथं पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा लागला की लोक त्याला थंडी म्हणायचे. डिसेंबरातला पहिला बर्फ पडला तेव्हा तो अर्ध्या चड्डीवर बाहेर आला, हात पसरून उभा राहिला आणि त्यानं थोडा बर्फ खाल्ला. गल्लीनं हे पडद्याआडून पाहिलं. खाऊन कमी होत असेल तर कुणाची हरकत नव्हती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यानं दोन्ही हातांनी ढकलायचं ते मोठं लोखंडी सुपडं विकत आणलं. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःचं दार त्यानं दहा मिनिटांत मोकळं केलं. हद्द आली. एक फावडं झालं, दोन झाली, आणि सुपडं काही थांबेना. किनुएबाईंची पायरी, पाण्याचा नळ, सायकलची जागा, पलीकडच्या कुंपणापर्यंत सगळं त्यानं साफ करून टाकलं.

गल्लीतल्या गटाराला सहा वाजता पाणी सोडतात. झाकण उचलायचं, बर्फ आत लोटायचा, पाणी तो नदीला नेतं. सहाच्या ठोक्याला किनुएबाई लोकरीची टोपी घालून, फावडं घेऊन बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या. लोटायला काही उरलंच नव्हतं. लग्न लागून गेल्यावर मुठीत अक्षता घेऊन पोचलेल्या पाहुणीसारख्या त्या उभ्या राहिल्या.

"अगंबाई, मास्तर! केवढे कष्ट घेतलेत!"

"मला अत्यंत आनंद झाला!" कॅलम म्हणाला. त्याची भाषा पुस्तकातून आली होती आणि अजून पुरती बाहेर पडलेली नव्हती.

"तुमच्या पाठीला त्रास होत असेल."

या वाक्याचा त्या गल्लीत एकच अर्थ होता: कृपा करून पुन्हा असं करू नका. पाच वर्षांच्या पोरानंही ते ऐकून फावडं खाली ठेवलं असतं. कॅलमनं मात्र वळून पाठ दाखवली, दोन्ही बाजूंना वाकवूनही दाखवली. "माझी पाठ उत्तम आहे! मी उद्याही येईन!"

किनुएबाईंनी दुपारी बरणीभर हिरव्या पानांचं लोणचं नेऊन दिलं. केलेल्याची परतफेड झाली, आता खातं मिटलं, असा लोणच्याचा अर्थ. कॅलमला वाटलं, आपलं काम पसंत पडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या अंगणातलाही बर्फ काढला. तिसऱ्या दिवशी त्यांनी वाळवलेली गोड काकी फळं दिली. चौथ्या दिवशी त्यानं कुंपणावरचा बर्फ झटकला. मग त्या स्टेशनजवळच्या चांगल्या दुकानातून तांदळाच्या खुसखुशीत चकत्यांचा डबा घेऊन आल्या, दोन वेष्टणांत बांधलेला. दोन वेष्टणं म्हणजे हात जोडून विनवणी. त्यावर कॅलमनं बर्फात पायऱ्या कोरून दिल्या, आणि एका बाजूला कठडा.

समोरच्या तोमिको मारुयामा हे सगळं पाहत होत्या. पाहण्यासाठी त्यांनी खिडकीशी उशीच टाकून घेतलेली होती.

"किनुए-सान, नशीबवान हो तुम्ही! आमच्या ह्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं, आणि तुमच्याकडे माणूस परदेशातून येतो."

"मी नाही हो सांगितलं त्याला."

"तेच तर म्हणते! न सांगता!" तोमिकोबाईंनी आवाज खाली आणला. "हात बरा आहे ना?"

"अगदी बरा आहे."

"हो, हो. बराच असणार," तोमिकोबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या खोलीबाहेर माणसं ज्या सुरात बोलतात तो सूर.

त्याच संध्याकाळी साइतामाहून फोन आला.

"आई, तोमिको-सानचा फोन होता. शेजारचा मास्तर तुझा बर्फ काढतो म्हणे."

"मी म्हणाले नव्हते त्याला."

"म्हणजे काढतो."

"तो काढतो, पण मला काढता येत नाही म्हणून नाही काढत."

"मग कशाला काढतो?"

याला उत्तर असतं तर किनुएबाईंनी ते आधी स्वतःला दिलं असतं. "उत्साही आहे," त्या म्हणाल्या.

"फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी येतोय. स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, मग बोलू." मग म्हणाला, "मिहोनं तुझी खोली रिकामी करून ठेवलीय."

आता कुणी म्हणेल, एवढं कशाला, सरळ 'नको' म्हणून सांगायचं. माणूस पहाटे उठून तुमच्यासाठी राबतो आणि त्याच्या तोंडावर नको म्हणायचं, हे त्या गल्लीत आजवर एकानंच केलेलं होतं. तो पुढं होक्काइदोला राहायला गेला.

किनुएबाई गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष होशिना यांच्याकडे गेल्या. होशिना पोस्टातून निवृत्त झालेले होते आणि बंद पाकिटात काय आहे ते वजनावरून ओळखायचे.

"तक्रार नाही हो," किनुएबाई म्हणाल्या.

"छे, तक्रार कशी असेल!"

"मास्तर फार चांगला मुलगा आहे."

"फारच चांगला."

दोघांनी चहा घेतला. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

"लवकर उठतो," किनुएबाई म्हणाल्या.

होशिनांनी दातांच्या फटीतून हळूच हवा आत ओढली. सगळी केस त्यांच्या ध्यानात आली होती. "फळी फिरवू या," ते म्हणाले.

गल्लीत काही कळवायचं असलं की फळीला कागद लावून ती घरोघर फिरते. वाचायचं, नावापुढे शिक्का मारायचा, पुढच्या घरी द्यायची. होशिनांनी दोन दिवस खपून मजकूर लिहिला: 'हिमवृष्टीच्या काळात रहिवासी परस्परांना करीत असलेल्या साहाय्याबद्दल मंडळ कृतज्ञ आहे. तथापि प्रत्येकाची प्रकृती प्रत्येकास ठाऊक असते, हे ध्यानी घेऊन यथोचित सहकार्य करावे, ही विनंती.'

अकरा घरांनी तो वाचला आणि अकराही घरं जरा अवघडली. "इतकं उघड लिहायला नको होतं," तोमिकोबाई म्हणाल्या. "परका मुलगा आहे. त्याला काय वाटेल?"

त्याला वाटायचं ते असं वाटलं. शब्दकोश घेऊन तो दोन तास कागदाशी बसला, हौसेनं करवून घेतलेला स्वतःच्या नावाचा शिक्का त्यानं मारला आणि फळी घेऊन किनुएबाईंकडे आला.

"किनुए-सान, हे कोणाविषयी आहे?"

"कुणाविषयी नाही हो. आपलं सर्वसाधारण."

"कोणी तुम्हाला त्रास देत असेल तर मला सांगा. मी त्याच्याशी बोलेन." त्यानं आवाज खाली आणला. "स्पष्ट बोलेन."

तो शब्द ऐकून किनुएबाईंनी फळी त्याच्या हातातून काढून घेतली. लेकी बोले सुने लागे हे खरं, पण सुनेला भाषाच कळत नसेल तर लेकीनं तरी घसा किती कोरडा करावा? दुसऱ्या दिवशी 'यथोचित सहकार्य करावे' या विनंतीला मान देऊन कॅलमनं किनुएबाईंच्या छपराच्या कडेचे बर्फाचे सुळकेही पाडून टाकले.

मग उरला एकच उपाय, त्याच्या आधी उठणं. किनुएबाई साडेपाचला उठल्या. तो सव्वापाचला उठलेला होता. त्या पाचला उठल्या. तो तोवर आटपून घरात शिरत होता.

"तुम्हीसुद्धा लवकर उठता!" त्याला फार आनंद झाला. "मी निश्चय केला आहे. तुम्हाला घराबाहेर पाऊलदेखील टाकावे लागू नये!"

अति तिथं माती म्हणतात. इथं तर मातीसुद्धा दिसायची सोय नव्हती, खाली दोन हात बर्फ होता. सलग तीन आठवडे किनुएबाईंच्या फावड्याला काम मिळालं नाही. मासळीवाल्यानं न सांगता काटे काढून दिले. औषधाच्या दुकानातल्या मुलीनं त्यांना बसायला खुर्ची दिली. तोमिकोबाईंनी तर एकदा हाताला धरून रस्ता ओलांडून दिला, आणि किनुएबाईंना त्या बाजूला जायचंही नव्हतं.

शुक्रवारी दुपारी रेडिओनं रात्रीतून दोन फूट बर्फ सांगितला. शनिवारी शुइची येणार. संध्याकाळी कॅलम दारात उभा राहिला, टाय लावून.

"मी क्षमा मागायला आलो आहे. आज शाळेतल्या शिक्षकांचे जेवण आहे. मद्य असते. उद्या मला उठायला उशीर होईल. परंतु आठपर्यंत मी निश्चित येईन. आपण हात लावू नका."

"उद्या माझा मुलगा येतोय हो, मास्तर," किनुएबाई म्हणाल्या. कुठं तरी शिरेल म्हणून शेवटचं टोचून पाहिलं.

"अरे वा! मग मी अधिक चांगले काढेन!"

शनिवारी पहाटे साडेपाचला किनुएबाई बाहेर पडल्या तेव्हा गल्ली गुडघाभर पांढरी होती आणि शेजारचं घर झोपेत होतं. नगरपालिकेचा यांत्रिक नांगर रस्ता साफ करून गेला होता आणि जाताना नेहमीप्रमाणे प्रत्येकाच्या दारात बर्फाचा बांध घालून गेला होता. तीन आठवड्यांनी फावडं हातात आलं. डाव्या मनगटानं एकदा कुरकुर केली, मग कामाला लागलं. सहाला गटारात पाणी आलं. सव्वासहाला दार मोकळं, कडा सरळ. हद्द आली. किनुएबाई एक फावडं पलीकडे गेल्या आणि थांबल्या.

थांबून त्यांनी मास्तरच्या दाराकडे पाहिलं. दोन फूट अस्पर्श बर्फ. आठ वाजता हा मुलगा उठेल आणि आपलं उरकून इकडे येईल. मोकळं दार दिसल्यावर हळहळेल, आणि उद्या शुइचीच्या डोळ्यांदेखत चारला उठून सगळं भरून काढेल. तोंडानं सांगून झालं. लोणच्यानं सांगून झालं, दोन वेष्टणांनी झालं, फळीनं झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. या गल्लीत आता स्पष्ट बोलणारं एकच उरलं होतं, आणि ते समोर गुडघाभर पडलेलं होतं.

मास्तरचं लोखंडी सुपडं त्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. किनुएबाईंनी ते घेतलं आणि दुसरं फावडं टाकलं. मग तिसरं. सुपडं चांगलं आहे, हे त्यांना मान्य करावं लागलं. मधे दोनदा त्याच्या पायरीवर बसावं लागलं, पण शनिवार असल्यानं तेव्हा गल्लीचे पडदे बंद होते, म्हणून ते आपणही पाहिलं नाही असं धरू. सातला दहा कमी असताना दोन्ही दारं एकसारखी मोकळी होती. सुपडं होतं तसं टेकवून किनुएबाई घरात गेल्या, ओले मोजे वाळत घातले, चहा ओतून घेतला आणि खिडकीशी बसल्या. आज त्यांनीही उशी घेतली.

सातला तोमिकोबाईंनी दार उघडलं आणि गल्ली वाचली. मास्तरच्या दाराशी त्यांची नजर अडकली. त्या आत गेल्या. पंधरा मिनिटांनी तोंडाला मास्क लावून, हातात झाकलेलं भांडं घेऊन बाहेर आल्या.

"मास्तर, उठू नका, उठू नका हं!" त्या दार उघडून समोर उभ्या असलेल्या कॅलमला म्हणाल्या.

"सुप्रभात. काय झाले?"

"काही नाही, काही झालेलं नाही. ही तांदळाची पेज. वर खारवलेलं आंबट आलुबुखार ठेवलंय, तोंडाला चव येईल."

"पण मी आजारी नाही."

"नाहीच मुळी! कोण म्हणतं आजारी आहात?" तोमिकोबाई दोन पावलं मागे सरकल्या आणि त्यांनी मास्क नाकावर दाबला.

पाठोपाठ होशिना आले. कपाळावर चिकटवायच्या थंड पट्ट्या आणि दवाखान्याचा नकाशा घेऊन.

"ताप किती आहे?"

"ताप नाही."

"मोजला?"

"नाही मोजला."

"हं," होशिना म्हणाले आणि त्यांनी नकाशावर दवाखान्याभोवती लाल गोल काढला.

मग शाळेतून उपमुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांची बहीण गल्लीच्या टोकाला राहायची. "सोमवारी येऊ नका. काल जेवताना तुमचा आवाज बसल्यासारखा वाटला, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं."

"मी गात होतो, सर."

"तेच."

आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला कॅलम अर्ध्या चड्डीवर बाहेर आला आणि बर्फात उड्या मारू लागला. "तापात होतं असं," तोमिकोबाई होशिनांना हळूच म्हणाल्या. "आमच्या ह्यांना झालं होतं."

कॅलम उड्या मारायचा थांबला तो खाली पाहिल्यामुळे. पायाखाली जमीन होती. रात्री तो आला तेव्हा तिथं बर्फ होता. त्यानं कडांकडे पाहिलं. त्या सरळ होत्या. असल्या सरळ त्याच्या हातून कधीच आल्या नव्हत्या. मग शेजारच्या दाराकडे पाहिलं. तिथंही तोच हात. एकाच सकाळी गल्लीनं त्याला पट्ट्या, पेज आणि लाल गोल दिला होता. त्यानं मनाशी दिवस मोजले. तीन आठवडे रोज पहाटे उठून, स्वतःच्या हातांनी, त्यानं किनुए-सानना आजारी पाडलं होतं.

दहाच्या गाडीनं शुइची उतरला. कोपऱ्यावरच तोमिकोबाईंनी त्याला गाठलं.

"बरं झालं आलात! मास्तर फार आजारी आहेत हो."

"आणि आई?"

"त्यांनाच काढावी लागली ना दोन्ही दारं! या वयात! पण काय हात आहे, वा!"

"दोन्ही?" शुइचीनं विचारलं. मग तो घराकडे गेला, पण लगेच आत शिरला नाही. आधी खाली वाकून त्यानं कापलेल्या बर्फावर तळवा फिरवला. ही कड तो लहानपणापासून ओळखत होता. तिच्यावरून शाळेत जाताना घसरला होता.

आत, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजावरून सोडलेल्या रजईत पाय घालून मायलेक बसले. "हात दाखव," शुइची म्हणाला. किनुएबाईंनी डाव्या हातानंच लोणच्याची बशी त्याच्यापुढे सरकवली.

तेवढ्यात दार वाजलं. कॅलम होता. टाय लावून, कपाळावर थंड पट्टी चिकटवून. ती लावल्याशिवाय होशिना जायला तयार नव्हते. हातात स्टेशनजवळच्या चांगल्या दुकानातला डबा होता. दोन वेष्टणांचा.

"क्षुल्लक आहे, पण कृपया स्वीकारा," त्यानं कमरेतून वाकून म्हटलं आणि उठताना चौकटीवर डोकं आपटलं.

"अहो, कशाला एवढं, मास्तर!"

पुढची वाक्यं त्यानं पाठ करून आणली असावीत, पण शुइचीला पाहून ती पळाली. "किनुए-सान," तो म्हणाला, "मी आजारी नाही."

"माहीत आहे मला."

"तुम्हीसुद्धा आजारी नव्हता."

किटली गुणगुणत होती. शुइचीनं आईकडे पाहिलं, मग पट्टी लावलेल्या त्या लांबलचक माणसाकडे, मग डब्याकडे आणि त्यावरच्या दोन वेष्टणांकडे. साइतामात तीस वर्षं काढली तरी तो होता याच गल्लीतला. त्यानं डबा दोन्ही हातांनी घेऊन वडिलांच्या फोटोपुढे ठेवला.

"बसा, चहा घ्या," किनुएबाई म्हणाल्या. "पाय रजईत घ्या. सगळे मावणार नाहीत, मावतील तेवढे घ्या."

रात्रीच्या जेवणानंतर शुइची वडिलांच्या फोटोकडे बघत म्हणाला, "पुढच्या हिवाळ्याचं पुढच्या हिवाळ्यात बघू." किनुएबाईंनी फोटोला नमस्कार केला. मग मुलाच्या पानात आणखी लोणचं वाढलं. तो नको म्हणाला नाही.

रविवारी पहाटेपर्यंत पुन्हा फूटभर बर्फ पडला. शुइचीला लवकर जाग आली. काल आईनं दोन दारं काढली, आज तिला झोपू द्यावं, असं त्याच्या मनात आलं. मनात वाईट काहीच नव्हतं. वाईट मनात असतं तर तो झोपून राहिला असता. त्यानं दारामागचं फावडं उचललं आणि बाहेर जाऊन सुरुवात केली.

खरवडण्याच्या आवाजानं किनुएबाई ताडकन उठल्या आणि खिडकीशी आल्या. दारात मुलगा फावडं मारतोय. समोर तोमिकोबाईंचा पडदा दोन बोटं हललेला. ओरडावं तर मुलगा आईसाठी बर्फ काढतोय आणि आई त्याच्यावर ओरडतेय, हे गल्ली दहा वर्षं विसरणार नाही. न ओरडावं तर मुलाला येऊन काढावा लागला, हेही गल्ली सातच्या आत वाचेल. किनुएबाई काचेला हात टेकून उभ्या राहिल्या.

शेजारी कॅलम आपलं दार काढत होता. हद्द आली. तो एक फावडं पलीकडे आला आणि थांबला. त्यानं मान वर केली. शुइची दिसला. समोरचा पडदा दिसला. खिडकीत काचेला टेकलेला हात दिसला. सुपड्याच्या मुठीवर त्यानं दोन्ही हात ठेवले. मग त्यानं दातांच्या फटीतून हळूच हवा आत ओढली.

"शुइची-सान," तो म्हणाला, "केवढे कष्ट घेताय."

"छे हो, कसले कष्ट!"

"तुमच्या पाठीला त्रास होत असेल."

शुइचीचं फावडं हवेतच थांबलं. त्यानं कॅलमकडे पाहिलं. कॅलमनं अदबीनं मान झुकवली. शुइचीनं फावड्यावरचा बर्फ जिथून उचलला होता तिथं परत ठेवला. आधी काढलेला उकरून आणला, तोही पसरला, फावड्याच्या पाठीनं सगळं नीट सपाट केलं, आणि तो आत निघून गेला.

सहा वाजले. गटारात पाणी वाहू लागलं. किनुएबाई लोकरीची टोपी घालून बाहेर आल्या.